एक्केचाळीस अंश

अंबडच्या गाळ्यात, मागच्या खोलीत,
खैरनार आधी पाइपवर कानस मारून बघतात.
जस्ताचा मुलामा असेल तर परत पाठवायचा.
"तापला की धूर सोडतो, मॅडम.
रात्री हुडहुडी भरते, डॉक्टर म्हणतो मलेरिया."

दोन्ही टोकं उघडी.
बूच मारलेल्या पाइपात थेंबभर पाणी राहिलं
तर त्याची वाफ कुणाचं ऐकत नाही.

आत कॉइल, चिनीमातीच्या मण्यांत ओवलेली,
पोत ओवावी तशी,
कुठंही लोखंडाला टेकता कामा नये.
अर्थिंगची तार ते ओढून बघतात,
मग मी ओढून बघते.
यात कुणाचा अपमान होत नाही.

मग सहा थर्मोकपल, मग रॉकवूल,
मग कोपरापर्यंत खाज,
मग पत्र्याचं चकचकीत कव्हर.
आणि मग व्हेरिअ‍ॅकची मूठ, अगदी जराशी.
घाई केली की नव्या लोकरीतला डिंक जळतो
आणि शेजारचा खोकेवाला फायर ब्रिगेडला फोन करतो.
एकदा केला होता. बंब आला, पेढे खाऊन गेला.

तस्लीम आयटीआयमधून नवीच आलेली.
उघड्या टोकाकडे बघत विचारते, लाल कधी होणार?
"लाल झाला तर आपलं चुकलं," खैरनार म्हणतात.
चारशेला लोखंड काळंच असतं,
सकाळी होतं तेवढंच काळं.
आणि डावा तळवा तिच्यापुढे धरतात:
आयुष्यरेषेला आडवी जाणारी एक गुळगुळीत पट्टी.
"सातपूरला. दिसायला थंड होता."

डिसेंबर. बाहेर सात अंश.
खिडक्या बंद, कारण वाऱ्याची झुळूकही आकडा बिघडवते.
काचेतून पांडवलेणीचा डोंगर धुरकट.
निफाडला खैरनारांचा मेहुणा रात्रभर
द्राक्षांच्या ओळींत शेकोट्या पेटवून जागा होता.
तोही आमच्याच धंद्यातला,
फक्त त्याच्याकडे पत्रा नाही.

आता काही करायचं नसतं.
दर अर्ध्या तासाला आकडा,
आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत बसून राहणं.
तस्लीमला हे सगळ्यात अवघड जातं.

साडेबाराला: आत चारशे दोन, पत्र्यावर एक्केचाळीस.
खैरनारांचा फोन वाजला.
अहिराणीत दोन-तीन शब्द, बाकी नुसतं हं.
फोन खिशात गेला.
एकला आकडा लिहिला, त्याच उभ्या अक्षरात,
शून्याच्या पोटात तीच तिरकी रेघ.
दीडला पुन्हा.
मग पेनाला टोपण लावत म्हणाले,
"आई गेली. सटाण्याला."

मी म्हटलं, अहो मग निघा ना.
म्हणाले, "स्थिर झालंय. एकच राहिलंय."

पत्र्यावर तेव्हाही एक्केचाळीस होते.
काय म्हणायचं ते माझ्या तोंडाशी आलं होतं.
नाही म्हटलं. मी इंजिनिअर आहे,
माणसाला पाइप म्हणणं मला पटत नाही.

दोनचं रीडिंग मी घेतलं. ते गेले.
मूठ मागे आणली, जराशी, जराशी,
कारण थंड करायलाही तापवण्याइतकाच वेळ द्यावा लागतो.
त्यांनीच खडूनं लिहिलेली पाटी तारेनं टांगली:
गरम आहे. दिसत नसेल.

सकाळी हाताची मागची बाजू नेली,
वीतभर दुरून, त्यांनी शिकवली तशी.
अजून ऊब होती.

तेराव्यानंतर खैरनार आले.
डोक्यावर बारीक खुंट, शर्ट इस्त्रीचा,
कानस कुठे ठेवली विचारलं, इतकंच.
मी काही बोलले नाही.
चहा त्यांच्या हाताला लागेल इतका जवळ सरकवला
आणि वीतभर दूर बसले.

तस्लीम पाटीखाली उभी.
मॅडम, तो पाइप तर केव्हाच गार झाला.
काढू का आता?

राहू दे, म्हटलं.